जीपच्या पाठीवरचे चाक

मालेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला नाशिककडचे मालेगाव आठवते. मी सांगतो आहे ते वाशीम जिल्ह्यातले, ज्याला जुनी माणसे अजून मालेगाव जहांगीर म्हणतात. नागपूरहून कारंजा, मेहकर करीत संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता आणि अकोल्याहून पातूर, मेडशीवरून वाशीम-हिंगोलीकडे उतरणारा रस्ता, हे दोन्ही इथे भेटतात. या फाट्यावर तासभर उभे राहिले तर जीपच्या जातीची गाडी किती तऱ्हांनी बनते हे बसल्या जागी शिकता येते. त्यातल्या पुष्कळ गाड्यांच्या मागच्या दारावर एक चाक टांगलेले असते. आपण त्याला स्टेपनी म्हणतो. वर्गातल्या एका मुलाने मला एकदा विचारले, "सर, हे चाक मागेच का? पुढे का नाही, पोटात का नाही?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधे निघाले नाही. ते शोधताना मी वेल्समधल्या एका गल्लीत, तिथून अमेरिकेच्या लष्करात आणि तिथून मुंबईच्या माझगावात जाऊन आलो. अर्थात पुस्तकांतून.

आधी हे बघा, की आपल्या बैलगाडीला जादा चाक कधीच नव्हते. सिरपूरच्या जत्रेला निघालेली गाडी असो की कापूस घेऊन बाजाराला निघालेली, गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे, कंदील असे, पण तिसरे चाक कोणी बांधून नेले नाही. कारण उघड आहे. लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवलेली. तिला बाभळीचा काटा काय करणार? उन्हाळ्यात लाकूड आटले की धाव ढिली होई. मग गाडीवान नदीत गाडी घालून चाके भिजवी, लाकूड फुगे, धाव पुन्हा घट्ट बसे. मोडलेच काही, तर दोन कोसांवर सुतार आणि लोहार होतेच. चाक दुरुस्त करणारी माणसे गावोगाव होती, म्हणून जादा चाक गाडीत नव्हते, असे म्हटले तरी चालेल.

पंचाईत झाली ती चाकात हवा शिरल्यापासून. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आधी सायकलीला, मग मोटारीला हा टायर लागला. गाडी मऊ चालू लागली, वेग वाढला; पण एक इंचभर खिळा आता चार माणसांचा प्रवास अडवू शकत होता. त्या काळचे रस्ते घोड्यांचे आणि बैलांचे. नालांचे खिळे रस्त्यावर पडलेले असत, आणि मोटारवाला दर काही मैलांवर उतरे. बरे, मोटारीचे चाक तेव्हा सहज निघण्याजोगेही नव्हते. ते आसाशी कायमचे बसवलेले. म्हणजे टायर पंक्चर झाला की रस्त्याच्या कडेला बसून, चाक गाडीवरच ठेवून, टायर सोडवायचा, आतली नळी काढायची, ठिगळ लावायचे, पुन्हा चढवायचे आणि हातपंपाने हवा भरायची. पाऊस असेल तर पावसात, रात्र असेल तर कंदिलाच्या उजेडात.

यावर तोड काढली वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस नावाच्या दोन भावांनी, १९०४ साली. त्यांनी आरे नसलेली एक लोखंडी कडी तयार केली आणि तिच्यावर हवा भरलेला टायर बसवला. पंक्चर झालेले चाक काढायचेच नाही. त्याच्या शेजारी ही कडी चिमट्यांनी आवळायची आणि निघायचे. गाडी जरा वेडीवाकडी चाले, पण चाले. भावांचे दुकान लानेलीच्या ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. म्हणून त्या कडीचे नाव स्टेपनी चाक. लंडनच्या भाड्याच्या मोटारींनी ते घेतले, इंग्रजी अमलाखालच्या मुलखात ते पोचले, हिंदुस्थानातही आले. पुढे पाच-सात वर्षांतच सुटे होणारे पूर्ण चाक निघाले आणि डेव्हिस बंधूंची ती कडी मागे पडली. वस्तू गेली, पण नाव राहिले. खुद्द इंग्लंडात आज सामान्य माणूस जादा चाकाला स्टेपनी म्हणत नाही. आपला पंक्चरवाला म्हणतो, आणि तिकडे ब्राझीलमधला पोर्तुगीज बोलणारा ड्रायव्हर 'एस्तेपे' म्हणतो. भाषेच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. वेल्समधल्या एका गल्लीचे नाव मेडशीच्या घाटात ऐकू येते, ते त्या गल्लीतल्या माणसांनाही ठाऊक नसेल.

तर जादा चाक पुरे तयार झाले. आता ते ठेवायचे कुठे? सुरुवातीच्या मोटारींत ते पायरीच्या फळीवर, पुढच्या मडगार्डाच्या खोबणीत, नाही तर मागे पेटीसारखे बांधलेले असे. शहरी मोटारीला पुढे डिकी आली आणि चाक तिच्या पोटात गेले. उघड्या जीपला डिकी नव्हती, आणि आपली गोष्ट तिथून सुरू होते.

१९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या लष्कराने मोटार-कारखान्यांना विचारणा केली की आम्हाला चारही चाकांना जोर देणारी, हलकी, बुटकी गाडी हवी आहे, आणि नमुना ४९ दिवसांत हवा आहे. शंभरावर कारखान्यांना पत्रे गेली. वेळेत धावणारा नमुना आणून दिला तो पेनसिल्व्हेनियातल्या बँटम नावाच्या लहानशा, जवळजवळ बुडालेल्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडच्या लष्करी तळावर पोचली. पुढे मोठे काम विलिस आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांकडे गेले. बँटमच्या वाट्याला थोडेच आले. लहान माणसाने वाट काढायची आणि मोठ्याने त्या वाटेने जायचे, हे काही आपल्याकडेच होते असे नाही.

१९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. या गाडीकडे आपण मागून बघू या. तिला मागे दार नाहीच. सरळ पत्र्याची भिंत. त्या भिंतीवर एका बाजूला जादा चाक, त्याच्या शेजारी पेट्रोलचा चपटा डबा. डाव्या अंगाला कुऱ्हाड आणि फावडे. चाक मागे का, याचे उत्तर इथे मिळते. पोटाखाली टांगले तर गाडी दगडावर टेकणार, आणि चिखलात रुतली तर जे चाक काढायचे तेच चिखलात गाडलेले असणार. डोक्यावर ठेवले तर गाडी उंच होते, आणि लष्कराची पहिली अट बुटकेपणाची. शिवाय वर वजन आले की गाडी आडव्या उतारावर कलंडते. आत ठेवले तर माणूस कुठे बसेल? उरली ती मागची भिंत. तिथे चाक उभे राहते, हाताला लागते, आणि मागून कोणी धडकले तर पहिला धक्का रबरावर जातो. इंग्रजांची लँड रोव्हर १९४८ साली निघाली, तिच्या पुष्कळ गाड्यांचे चाक पुढे बॉनेटवर बसवलेले असे. म्हणजे मागची जागा हाच एक मार्ग होता असे नव्हे, पण जीपेला तो मानवला.

आता खरी मौज. युद्ध संपताना १९४५ सालीच विलिसने साध्या नागरिकांसाठी, मुख्यतः शेतकऱ्यांसाठी जीप काढली. शेतकऱ्याला पोती चढवायची, दुधाचे कॅन ठेवायचे, म्हणून मागची भिंत कापून तिथे खाली पडणारी फळी केली. झाले! फळी पडली की तिच्यावरचे चाक आधी जमिनीला लागणार. मग चाकाला तिथून उठवून गाडीच्या बाजूला बसवले. म्हणजे सैनिकाच्या जीपेचे चाक पाठीवर, शेतकऱ्याच्या जीपेचे चाक कुशीत. एकाच जागेवर माल आणि चाक दोघांचा हक्क, आणि हा तंटा पुढची कित्येक वर्षे चालला.

आपल्याकडे ही गाडी आली ती दोन वाटांनी. एक, युद्धानंतर लिलावात निघालेल्या लष्करी गाड्या. दुसरी वाट मुंबईची. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलिसचे सुटे भाग आगबोटीने आणून माझगावात जीप जोडायला याच सुमारास सुरुवात झाली, आणि १९५४ पासून विलिसच्या सहकार्याने ती इथेच बनू लागली. राष्ट्राची वाटणी झाली तेव्हा कंपनीच्या पाटीवरचे एक नावही पुसले गेले, हे इतिहासाच्या शिक्षकाला सांगण्याजोगे आहे.

खेड्याने जीप पाहिली ती सरकारची म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटागटाला अधिकारी आला, अधिकाऱ्याबरोबर जीप आली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या; तेव्हा आपला हा भाग अकोला जिल्ह्यात होता, वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. जीप गावात शिरली की पोरे मागे धावत. रस्ता म्हणजे काळ्या मातीतली चाकोरी. पावसाळ्यात ती माती कशी धरते हे मी तुम्हाला सांगायला नको. रस्त्यांची वीस वर्षांची पहिली देशव्यापी योजना १९४३ साली आपल्या नागपुरातच ठरली होती, पण कागदावरचा रस्ता आणि गावचा पांदणरस्ता यांची गाठ पडायला फार वर्षे गेली. पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली ती २००० सालच्या डिसेंबरात. मधल्या पन्नास वर्षांत जादा चाक ही शोभेची वस्तू नव्हती.

त्या जुन्या विलिस जीपेची एक खोड सांगतो, विज्ञानाच्या शिक्षकांना उपयोगी पडेल. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना आटे उलटे होते. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेने नट सैल होऊ नये, हा हेतू. नवखा ड्रायव्हर डाव्या चाकाचा नट नेहमीच्या सवयीने सोडवायला जाई, तो आणखी आवळला जाई, आणि वर उभे राहून लाथ मारली की बोल्टच तुटे. मग पाठीवर कितीही चांगले चाक असो, बसवायचे कशावर?

फळी आणि चाक यांच्या तंट्याची तडजोड पुढे झाली ती दाराची बिजागरी खालून काढून बाजूला बसवून. कपाटाच्या दारासारखे बाजूला उघडणारे दार आले आणि चाक त्या दारावर चढले. दार उघडले की चाकही बाजूला जाते, माल चढवायला वाट मोकळी. आपल्या देशात ही तऱ्हा रूढ झाली ती १९८५ च्या मारुती जिप्सीपासून असे म्हणायला हरकत नाही. मग पुण्याच्या टाटांची १९९१ ची सिएरा, १९९४ ची सुमो, १९९८ ची सफारी. आणि २००० साली आलेली महिंद्रांची बोलेरो. सुमो हे नाव जपानी पैलवानावरून नव्हे, तर टाटांचा मोटार-कारखाना ज्यांनी उभा केला त्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आले आहे. हे मी वर्गात सांगितले तर मुलांना खोटे वाटते.

आता दारावर चाक टांगणे हे दिसते तितके सोपे नाही. चाकाचे वजन सहज वीस-पंचवीस किलो. ते बिजागरीपासून हात-दीड हात लांब टांगलेले. खड्ड्यात गाडी आदळली की ते वजन बिजागरीला प्रत्येक वेळी हिसका देते. म्हणून चांगल्या गाडीत दाराच्या पत्र्याआड लोखंडी चौकट असते, बिजागऱ्या जाड असतात आणि दार मिटल्यावर ते टेकावे म्हणून रबराचे ठोकळे असतात. ते रबर झिजले की दार खडखडते. खडखड ऐकू येऊनही चालवत राहिले की पत्र्याला चीर जाते. मागे बघायच्या काचेचा खालचा भाग चाक झाकून टाकते, म्हणून अंगणात गाडी मागे घेताना लेकरू कुठे आहे हे उतरून बघावे लागते. बिजागरी कोणत्या अंगाला आहे यालाही महत्त्व आहे. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला थांबतो. बिजागरी उजवीकडे असेल तर माणूस कडेच्या बाजूने माल काढतो, डावीकडे असेल तर दार आडवे येते आणि त्याला रहदारीच्या बाजूला जावे लागते. गाडी घेताना रंग बघणारे पुष्कळ भेटतात, बिजागरी बघणारा विरळा.

आमच्या भागात काळी-पिवळी म्हणजे काय हे सांगायला नको. कमांडर, ट्रॅक्स, असल्या गाड्यांत नऊच्या जागी सोळा माणसे, आणि आत मावली नाहीत ती मागच्या पायरीवर उभी. धरायला जे मिळेल ते. मी शाळकरी असताना अशाच एका जीपेतून पावसाळ्याच्या रात्री आजीला अकोल्याला दवाखान्यात न्यायला निघालो होतो. तिला दम लागला होता, मामा तिला धरून बसले होते. मेडशीच्या पुढे घाटात चाक बसले. ड्रायव्हर उतरला, आणि मला आठवते, आम्हा सगळ्यांना हायसे वाटले, कारण मागे चाक टांगलेले होते. त्याने ते सोडवले, जमिनीवर टेकवले, आणि ते पोळीसारखे बसले. त्यात हवाच नव्हती. किती महिन्यांपासून नव्हती ते त्यालाही ठाऊक नव्हते. रोज त्याच चाकाला धरून माणसे लटकत होती, त्याच्या आवरणावर देवाचे नाव रंगवले होते, आणि बोटाने दाबून कोणी पाहिले नव्हते. पाऊण तासाने कोळशाचा एक ट्रक थांबला. त्याच्या केबिनमध्ये आजीला चढवले. ती त्या वेळी वाचली, पण पुढे मेडशीचा घाट आला की डोळे मिटून घेई.

मागे टांगलेले चाक डोळ्यांसमोर असते, म्हणून ते तयार आहे असे आपण धरून चालतो. डिकीतले चाक निदान विसरलेले आहे हे तरी कबूल असते. शिवाय दारावरचे चाक रात्रंदिवस उन्हापावसात असते. रबर न वापरताही म्हातारे होते, त्याला बारीक चिरा पडतात. आवरण घातले तर ऊन लागत नाही, पण हवा तपासायचे तोंड झाकले जाते. जुने ड्रायव्हर पाचही चाके आळीपाळीने फिरवीत; त्यामुळे पाचवे चाक आपोआप कामात राही. ही रीत आता मागे पडली आहे.

आणि आता तर चाकच जाऊ पाहते आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार-नियमांत बदल केला. नळी नसलेले टायर, हवा कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र आणि पंक्चर काढण्याची पेटी असेल तर लहान प्रवासी मोटारीला जादा चाक ठेवण्याची सक्ती उरली नाही. फोर्डची इकोस्पोर्ट ही शहरी गाडी २०१३ पासून इथे पाठीवर चाक घेऊन मिरवत होती. मार्च २०२१ मध्ये तिचा एक प्रकार पाठ मोकळी करून आला. शहरात ते ठीकच आहे. खिळ्याने पडलेले भोक पेटीतल्या चिकट औषधाने बुजते. पण टायरची बाजू दगडाने फाटली तर कोणते औषध चालणार? आमच्या तालुक्यात टायर खिळ्याने कमी आणि दगडाने जास्त जातो. म्हणून मी तरी या बदलाच्या बाजूचा नाही. महिंद्रांची २०२० ची नवी थार पाठीवर चाक घेऊनच आली, हे मला बरे वाटले; मग तिच्यातली निम्मी मंडळी पुण्याच्या पक्क्या रस्त्यावरच फिरत का असेनात.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. मालेगावजवळून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता पुरा झाला. तिथे मोटारीची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. सिमेंटचा रस्ता, उन्हाळ्याचे ऊन, झिजलेला किंवा हवा कमी असलेला टायर. तो तिथे बसत नाही, फुटतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबला की तापतो, तापला की उसवतो. अशा वेळी पाठीवरचे चाक अपघात टाळत नाही, आणि गाडी सावरून थांबली तरी त्या रस्त्याच्या कडेला बसून चाक बदलणे जिवावरचे काम. माणसे आधी पट्टीच्या पलीकडे न्यावीत, मागे दूर खूण ठेवावी आणि महामार्गाच्या मदतीच्या गाडीला बोलवावे.

त्या मुलाला मी हे सगळे एका तासात सांगितले नाही. त्याला शाळेच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या एका बोलेरोपाशी नेले आणि मालकाला विचारून मागच्या चाकातली हवा तपासायला सांगितले. आवरण काढायलाच दहा मिनिटे लागली. आत गांधीलमाशांनी घर केले होते. मालक म्हणाला, "सर, तीन वर्षांत आज उघडलं." मग तो तसाच गाडी घेऊन फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेला.